शेवटची बस आधी, डोंगर नंतर : इंग्लंडात बसने भटकताना या चुका टाळा

मी शेफील्डला राहते, गाडी चालवत नाही आणि गेली बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी बसने डोंगरात जाते. त्यामुळे ओळखीत कुणाकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की फोन मला येतो. पूर्वी कौतुक वाटायचं. आता मी एवढंच विचारते, "परतीची बस किती वाजता?" पलीकडे जरा शांतता. मग, "ते बघू तिकडे गेल्यावर."

तिकडे गेल्यावर बघायला एक खांब असतो आणि भिंतीपलीकडे मेंढ्या.

तर पहिली चूक ही. सगळे जायची बस शोधतात, यायची गृहीत धरतात. माझी सवय उलटी. शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहायची, तिच्या आधीची बस आपली मानायची आणि तिथून मागे मोजत सकाळपर्यंत यायचं. कागदावर, कारण दरीत फोनला रेंज नसते.

हे शहाणपण मला आहे, तरी गेल्या ऑक्टोबरात मी भाच्याच्या नादी लागले. तो पुण्याचा, हरिश्चंद्रगड नळीच्या अवघड वाटेने केलेला. आदल्या आठवड्यात त्याला शेफील्डजवळच्या मॅम टॉर डोंगरावर नेलं होतं. उंची 517 मीटर ऐकून म्हणाला, "मावशी, आमचा फ्लॅट याच्यापेक्षा उंचावर आहे." खरंच आहे, पुणंच 560 मीटरवर. मग लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे वायव्य इंग्लंडातल्या डोंगर-तळ्यांच्या भागात गेलो, तेव्हा त्याला इंग्लंडचं सर्वोच्च शिखरच हवं होतं. स्काफेल पाइक, 978 मीटर. "म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून थोडं जास्त," इति भाचा.

तिथल्या केझिक गावाहून 78 नंबरची बस बॉरोडेलच्या दरीत सीटोलरपर्यंत जाते. तिथून शिखर गाठून परत यायला माझ्या पायांना मधल्या थांब्यांसकट सात तास लागतात. चालणं साधारण 16 किलोमीटर, चढाई साडेआठशे मीटरच्या वर. 1892 साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशेब घालून दिलाय : पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक. त्यात डबा खाणं, फोटो, धाप, काहीच धरलेलं नाही. भाच्याने हा हिशेब ऐकून घेतला आणि नाश्त्याला दुसरा चहा मागवला. आम्ही सीटोलरहून निघालो तेव्हा अकरा वाजले होते. तिथेच मी "आज नको" म्हणायला हवं होतं.

वाटेतलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरकराला त्याचं काय, पण इथला पाऊस थंड असतो आणि दगड बाराही महिने निसरडे. वर पोचेपर्यंत पावणेतीन झाले होते. उतरताना त्याने फोनवर बोट ठेवलं. "हे बघ, इथून सरळ खाली गेलं तर अर्धा तास वाचेल." मी ढगात चष्मा पुसेपर्यंत तो घसाऱ्यावरून निघालासुद्धा. तो जात होता ती पिअर्स गिलची घळ. अपघातांसाठी बदनाम जागा, आणि त्यातून कुणी सुखरूप उतरलंच तरी वासडेलच्या, म्हणजे भलत्याच दरीत. मी इतक्या जोरात ओरडले की आमच्या अण्णांची आठवण झाली. तो परत वर येऊन मूळ वाटेला लागेपर्यंत पाऊण तास गेला. सीटोलरला पोचलो तेव्हा बसही गेली होती आणि उजेडही. मग दगडी भिंतींमधल्या अरुंद रस्त्यावरून, फुटपाथ नाही, हातात फोनचा टॉर्च, असे रोस्थवेट गावापर्यंत चालत गेलो आणि तिथल्या पबमधून टॅक्सी बोलावली. 2025 पासून इंग्लंडात बहुतेक लोकल बसचं एका फेरीचं तिकीट 3 पाउंडांच्या वर जात नाही. टॅक्सीला 35 पडले. ते मी भाच्याकडून घेतले.

यावर माझा उपाय अगदी आळशी आहे. सकाळी बसने लांबच्या टोकाला जायचं आणि चालत यायचं ते मोठ्या गावाकडे, जिथे परतीच्या दोन तरी सोयी असतील. शेफील्डहून 272 ने कासल्टन, तिथून मॅम टॉर, मग धारेवरून लूज हिल आणि खाली होप. होपला बस आहे आणि शेफील्ड-मँचेस्टर मार्गावरचं स्टेशनही. बस चुकली तर रेल्वे. नवख्यांना ही वाट "फारच सोपी" वाटते. वाटू दे.

दुसरी चूक हात न दाखवण्याची. "हात दाखवा, गाडी थांबवा" हे एसटीने आपल्याला शिकवलं, आणि तीच माणसं इथे थांब्यावर खिशात हात घालून उभी. थांब्यावर उभे आहोत म्हणजे बस थांबेलच असं नसतं. वळणावरून ती वेगात येते आणि ड्रायव्हरला वाटतं कुणी नुसतं देखावा बघतंय. एका जोडप्याने मला फोनवर तक्रार केली, "बस आमच्या समोरून गेली हो!" विचारलं, हात केलात? "नाही, बरं दिसत नाही ना." पुढची बस दोन तासांनी होती, बरं न दिसायला भरपूर वेळ. बस दिसली रे दिसली की हात आडवा, पूर्ण लांब. संधिप्रकाशात मी टॉर्चही हलवते. आणि काही खेड्यांत खांब रस्त्याच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या दिशेची बसही तिथेच किंवा त्याच्या समोर थांबते. सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

वेळापत्रकाच्या तळटीपा वाचा. "फक्त शाळेच्या दिवशी" असलेली बस शाळांच्या सुट्टीत येत नाही, आणि फक्त बाजाराच्या दिवशी धावणाऱ्याही असतात. रविवारचं पत्रक निराळं, उन्हाळा-हिवाळ्याचं निराळं. मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट पुसून टाका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बस सहाची असली तरी चालणं तीनलाच संपवायचं.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी वेष्टनाचा, 1:25,000 वाला. त्यावरची हिरवी तुटक रेष म्हणजे जायचा कायदेशीर हक्क. काळी तुटक रेष म्हणजे जमिनीवर वाट दिसते, इतकंच. वाटेवरचा पिवळा बाण चालणाऱ्यांचा. निळ्या बाणाच्या वाटेवर आपणही जाऊ शकतो, पण घोडे आणि सायकलीही येतात. शेतातलं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद.

वासरांसोबतच्या गाई दिसल्या की लांबून वळसा घाला. गोमाता वगैरे मनात ठेवा, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

जेवण पबमध्ये मिळेल या भरवशावर राहू नका. खेड्यातली स्वयंपाकघरं दुपारी बंद होतात आणि तुम्ही नेमके तीनला पोचता. मेथीचे पराठे आणि लोणचं, विषय संपला. आणि पाठपिशवीत दोन प्लास्टिकच्या पिशव्या असू द्या. चिखलाचे बूट घेऊन बसमध्ये चढायचं, तर त्या बुटांवर चढवून चढावं. ड्रायव्हर काही बोलत नाही, पण मी मागच्या सीटवर बसलेली असते.