पूलचं पाणी कमी होतंय? आधी बादली आणा, मग माणूस बोलवा

अलिबागजवळच्या नागावला आमचं घर आहे, नारळ-सुपारीच्या वाडीत, आणि त्यात एक छोटा पूल, ८ मीटर बाय ४, खोली सरासरी सव्वा मीटर म्हणजे साधारण ४० हजार लिटर पाणी. गेल्या मे महिन्यात बाबा म्हणाले विहिरीचा पंप हल्ली जास्त चालतोय, बिल पण वाढलंय, आणि आम्ही सगळे म्हणालो उन्हाळा आहे ओ बाबा, पाणी उडतंच. एक कंत्राटदार येऊन बघून गेला, टाइल्समधून लीक आहे म्हणाला, अर्ध्या पूलचं ग्राउट (टाइल्सच्या सांध्यातला मसाला) खरवडून नवीन भरलं, पैसे गेले आणि पाणी जायचं ते जातच राहिलं. तेव्हा हे सगळं जे शिकलो ते लिहितोय, ज्यांच्या घरी किंवा फार्महाउसला पूल आहे त्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात पहिली गोष्ट, तुमच्या पूलला बॉलकॉक आहे का बघा. पाणी कमी झालं की आपोआप भरतं ती सोय. ही सोय म्हणजे आंधळेपणाचा चष्मा आहे, कारण लेव्हल कायम बरोबर दिसते आणि लीक महिनोन् महिने कळतच नाही. आमचं तेच झालं. तो कॉक बंद करा, मगच पुढची टेस्ट. तुमचा ओव्हरफ्लो पूल असेल, म्हणजे कडेच्या जाळीत पाणी पडून बॅलन्सिंग टँकमध्ये जातं तसला, तर पंप चालू असताना पूलची लेव्हल हलतच नाही, कमी होतं ते त्या टँकमध्ये, त्यामुळे खुणा तिथेसुद्धा करायच्या, आणि दोन्ही वेळेला पंप सारख्याच अवस्थेत असताना बघायचं.

बादलीची टेस्ट अशी. साधी प्लास्टिकची बादली घ्या, तळाला दगड ठेवा म्हणजे हलणार नाही, पूलच्या वरच्या पायरीवर ठेवा आणि त्यात पूलचंच पाणी बाहेरच्या लेव्हलइतकं भरा. बादलीच्या आत एक खूण, बाहेर टाइलवर एक खूण. २४ तास कोणी पोहायचं नाही, पोरांना आधीच दम देऊन ठेवा. पाऊस पडला तर टेस्ट बाद. दुसऱ्या दिवशी पट्टी लावा. उन्हाने जेवढं उडालं तेवढं बादलीतही उडालेलं असतं, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर लीक नाही, गप्प बसा. उन्हाळ्यात दिवसाला ५-६ मिमी उडणं नॉर्मल आहे, कोरडी हवा आणि वारा असेल तर अजून जास्त.

आमच्या बादलीत ६ मिमी उतरलं होतं आणि पूलमध्ये ३१. फरक २५ मिमी, ऐकायला काहीच वाटत नाही ना, पण ३२ चौरस मीटरवर २५ मिमी म्हणजे दिवसाला ८०० लिटर!

आता पुढचा भाग जो आम्ही आधी केला असता तर टाइल्सचा खर्च वाचला असता. हीच टेस्ट दोनदा करायची, एकदा पंप रोजच्यासारखा चालवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त जातं म्हणजे पंपाच्या पुढच्या बाजूला प्रेशरच्या लाइनमध्ये काहीतरी आहे. बंद असताना जास्त जातं तर बहुतेक सक्शनच्या बाजूला, म्हणजे पंप पूलमधून पाणी ओढतो त्या लाइनमध्ये. दोन्ही वेळेला सारखंच जातं तर मग भिंत, लाइटची खाच, स्किमर (भिंतीतलं ते तोंड, जे वरचं पाणी आणि कचरा ओढतं), पाइप भिंतीत शिरतो तो जॉइंट यावर संशय. आणि हिंमत असेल तर पाणी उतरू द्या (पंप बंद ठेवून, नाहीतर स्किमरमधून हवा ओढून पंप कोरडा फिरेल), जिथे ते आपोआप थांबतं त्याच लेव्हलला भोक आहे. लाइटच्या खालच्या कडेला थांबलं तर लाइट, स्किमरच्या तोंडाशी थांबलं तर स्किमर. मग पाणी स्थिर असताना इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये खायचा लाल रंग घेऊन त्या जागेजवळ हळूच सोडा, भेग असेल तर रंगाची रेघ ओढल्यासारखी आत जाते. बघायला मजा येते खरं तर, पैसे आपले जात असले तरी.

आमच्याकडे पंप बंद असताना फरक जवळजवळ नव्हताच, चालू केला की ८०० लिटर. म्हणजे टाइल्स निर्दोष. मग पाणी जातंय कुठे? तर सँड फिल्टरच्या डोक्यावर तो दांडा असलेला मल्टिपोर्ट व्हॉल्व असतो, त्याच्या आतलं गॅस्केट गेलं होतं, त्यामुळे दांडा 'फिल्टर'वर ठेवला तरी थोडं पाणी बॅकवॉशच्या (म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुतात त्या) पाइपातून बाहेर जात होतं. तो पाइप वाडीत मागे सोडलाय आणि त्याच्या तोंडाशी आईचं अळू. भर मे महिन्यात ते अळू असं माजलं होतं की येणारा प्रत्येक पाहुणा कौतुक करून पानं घेऊन जायचा, आम्ही फदफदं खाऊन खाऊन कंटाळलो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की याला पाणी कोण घालतंय! त्यामुळे फिल्टर चालू असताना बॅकवॉशचा पाइप जिथे उघडतो तिथे जाऊन बघा, थेंब थेंब जरी येत असेल तरी गॅस्केट बघायची वेळ झाली. तसंच पूलच्या आसपास एकाच जागी कायम ओल, गवत जास्त हिरवं, फरशी खचलेली, हे सगळं लीक सांगत असतं.

पंप रूममध्ये गेलातच तर प्रेशर गेज बघून घ्या. फिल्टर स्वच्छ असतानाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, त्याच्यावर ८-१० पीएसआय चढलं की बॅकवॉश. बॅकवॉश करूनही खाली येत नसेल तर वाळू बदलायला झाली. आणि उलट प्रेशर नेहमीपेक्षा कमी असेल तर आधी बास्केट (पंपाआधीची कचरा अडवणारी जाळी) साफ करा, नारळाची तुसं आणि पानं अडकलेली असतात, तरी कमीच राहिलं तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय, इनलेटमधून (फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं ते तोंड) बुडबुडे येत असतील तर नक्कीच. पूलच्या तळाला बारीक वाळू साचतेय आणि तुम्हाला वाटतंय वारा आणतोय (समुद्र जवळ आहे, आम्हालाही तेच वाटलेलं) तर ती फिल्टरमधली आहे का बघा, इनलेटखालीच ढीग असेल तर फिल्टरच्या आतले पाइप तुटलेत. मोटर आणि पंपाच्या मधून पाणी ठिबकतंय तर सील गेलं, ते लगेच बदला, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जाऊन मोटरच जाईल. नुसतीच गुणगुणते, फिरत नाही, तर बऱ्याचदा कपॅसिटर असतो.

टाइल्स तपासायची युक्ती आपल्याला माठ घेताना येतेच. नाण्याने टकटक करा, ठण वाजली तर बरी, बद्द वाजली तर मागून सुटलीय. एखाद-दुसरी बद्द असेल तर घाबरू नका, पण पट्टाच्या पट्टा तसा वाजत असेल तर मागे पाणी शिरलंय. पाण्याच्या वरच्या भेगेच्या दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख लिहा, भेग रेघेच्या पुढे गेली तर इंजिनिअरला दाखवा, टाइलवाल्याला नको. भेग टाइलमधून कोपिंगमध्ये (पूलच्या काठावरची फरशी) आणि तिथून बाहेरच्या फरशीत सरळ गेली असेल तर वाट बघूच नका. काळ्या मातीवर बांधलेल्या पूलना हे जास्त होतं, माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

दोन गोष्टींत मात्र टेस्ट वगैरे काही नाही, पूल तिथल्या तिथे बंद. एक, पाण्यात किंवा शिडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतोय. सगळ्यांना बाहेर काढा, शिडीला हात न लावता, मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कोणी पाय बुडवायचा नाही. ईएलसीबी बायपास करून देतो म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला चहा पण देऊ नका. दुसरं, तळाच्या मेन ड्रेनची जाळी तुटलेली किंवा सुटलेली. पंपाची ओढ एवढी असते की लहान मुलाचे केस, हातपाय तिथे अडकू शकतात आणि मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. पंप बंद, जाळी बसेपर्यंत पोहणं बंद.

पाणी हिरवं झालं म्हणजे दुरुस्ती आली असं नाही, आधी किटने पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम आहे का बघा. हे बरोबर असूनही एकाच कोपऱ्यात शेवाळ परत परत येत असेल तर तिथे पाणी फिरत नाहीये, इनलेटचं तोंड वळवून बघा, नाहीतर तो बंद पडलाय.

आणि लीक सापडलं म्हणून पावसाळ्यात पूल रिकामा करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या पूलला खालून ढकलतं, तळ फुटतो, कधी अख्खा पूल उचलला जातो. आमच्याकडे मोजमाप म्हणजे विहीर, विहिरीतलं पाणी पूलच्या तळाच्या वर आहे तोवर पूल रिकामा करायचा नाही. नागावला ते पाणी दिवाळीनंतर कधीतरी पुरेसं खाली जातं. तोवर बॉलकॉक बंद ठेवून रोज किती उतरतंय ते कॅलेंडरवर लिहीत राहा, जो माणूस दुरुस्तीला येईल त्याला तो कागद दाखवा, आणि कागद न बघताच टाइल्स काढूया म्हणाला तर दुसरा शोधा.