भीती एका चेंबरमधून दुसऱ्यात: उंदरांवरचा प्रयोग मांडताना

'अ' चेंबरमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या पेटीत, शॉक बसलेला उंदीर महिन्याभराने शॉक न दिलेल्या 'ब' चेंबरमध्येही भीतीने जागीच थिजला, की नवशिके 'भीती पसरली' असं लिहून मोकळे होतात. शॉकच्या दुसऱ्या दिवशी त्याला अ आणि ब वेगळे कळत होते का, हे आधी दाखवावं लागतं. नाहीतर आठवण पुसट झाली की दोन जागांत फरकच नव्हता, हे कसं ठरवणार?

शिकवण्याचा दिवस सोपा. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी मिळाल्यावर काही दिवस उंदराला हाताळून सवय करा. मग अ मध्ये दोन-तीन मिनिटं फिरू द्या आणि सळ्यांच्या तळातून ०.५ ते ०.८ मिलिअँपिअरचा २ सेकंद शॉक द्या. आत टाकताक्षणी शॉक दिला तर जागेची आठवण बनतच नाही.

खरी मेहनत ब वर आहे. उंदीर नाकावर आणि पायांवर विसंबतो, त्यामुळे नुसता भिंतीचा रंग बदलून भागत नाही. सळ्यांवर सपाट फळी टाका, छत तिरकं करा. अ ७० टक्के इथेनॉलने पुसत असाल तर ब १ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने पुसा. दोन्हीकडे एकाच पिंजऱ्यातून नेलंत तर उंदीर कदाचित त्या पिंजऱ्यालाच घाबरत असेल. मात्र ब अगदीच अनोळखी केलात, तर पसरलेली भीतीही दिसणार नाही.

शॉक वाढवण्याचा मोह टाळा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातल्या २०१५च्या कामात सौम्य शॉक मिळालेले उंदीर शॉकशी जोडलेला आणि न जोडलेला अशा दोन स्वरांत फरक करत होते. तीव्र शॉकनंतर दोन्ही स्वरांना घाबरू लागले.

काळाचा परिणाम वेगळा. १९९२मध्ये किम आणि फॅन्सेलो या संशोधकांनी दाखवलं, की शॉकनंतर एका दिवसाने हिप्पोकॅम्पस (मेंदूचा आठवणी घडवणारा भाग) निकामी केला तर जागेची भीती जाते, २८ दिवसांनी केला तर टिकते. जुनी आठवण कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, टेकते आणि तिचे बारकावे गळतात, हे प्रचलित स्पष्टीकरण. वाद अजून संपलेला नाही.

चाचणीला अ आणि ब साठी, तसंच प्रत्येक कालावधीसाठी, वेगळे गट ठेवा. आधी अ मध्ये नेलेल्या उंदराची आठवण ताजी होते आणि ब चा आकडा बिघडतो. शॉक न मिळालेला गटही ब मध्ये तपासा. नवख्या जागेतही उंदीर थोडा थिजतोच.

थिजणं म्हणजे श्वासाखेरीज कसलीच हालचाल नाही. ब मध्ये उजेड कमी असेल तर सॉफ्टवेअर हालचाल चुकवतं आणि खोटं थिजणं मोजतं. म्हणून दोन्ही चेंबरचे काही व्हिडिओ, गट माहीत नसलेल्या माणसाकडून, हाताने मोजून घ्या आणि किती कमी हालचालीला सॉफ्टवेअरने थिजणं म्हणायचं, ती मर्यादा प्रत्येक चेंबरसाठी त्यानुसार वेगळी लावा.