जुन्या संगणकाची रॅम वाढवताना

ठाण्यातील आमच्या घरी २०१२ साली घेतलेला संगणक ब्राउझरचे चार टॅब उघडताच अडकू लागला, म्हणून टास्क मॅनेजर (विंडोजमधील संगणकाचा ताण दाखवणारी खिडकी) पाहिला. ४ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, जवळजवळ भरलेली होती आणि तिच्यात न मावणारे काम डिस्कवर जात असल्याने हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत होता. सीपीयू-झेड या संगणकाचे भाग ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये रॅम डीडीआर३ पिढीची, १३३३ मेगाहर्ट्झ वेगाची असल्याचे कळले. रॅम बसवण्याचा एक स्लॉट रिकामा होता.

नौपाड्यातील एका दुकानातून स्वस्तातली रॅमची पट्टी आणली. नंतरच्या पिढीच्या डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही; ही मात्र नीट बसली, तरी पडदा काळाच राहिला. वेष्टनावर बारीक अक्षरांत ही रॅम फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या मदरबोर्डसाठी (मुख्य सर्किट बोर्डासाठी) असल्याचे छापले होते आणि आमचा प्रोसेसर इंटेलचा! दुकानदारांनी ती विनातक्रार बदलून दिली, याचे मला फार बरे वाटले.

दुसऱ्या खेपेस जुन्या पट्टीच्याच क्षमतेची आणि वेगाची, १.५ व्होल्टची पट्टी निवडली, जेणेकरून दोन्ही ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे जोडीने एकाच वेळी, चालतील. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, दोन्ही टोकांच्या कड्या खटकन लागेपर्यंत ती दाबली. विंडोज ४ जीबीहून अधिक रॅम वापरू शकणारे ६४-बिट असल्याने पूर्ण ८ जीबी दिसली, आणि रात्रभर चालवलेल्या मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये एकही चूक निघाली नाही.