बंद पडलेला सरकारी दवाखाना वापरायला घेताय? रंग मारायच्या आधी हे बघा

आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयाची नवीन इमारत झाली आणि जुन्या दवाखान्याला कुलूप लागलं ते पंधराएक वर्षं तसंच. आता तिथे मुलांसाठी अभ्यासिका करायची टूम निघाली, सगळ्यांचं म्हणणं एकच, झाडून घेऊ, रंग मारू, झालं. मी म्हटलं थांबा जरा, अशा इमारतीत पारा, शिसं, कीटकनाशक असलं विषारी काहीतरी राहून गेलेलं असू शकतं. त्या भानगडीत जे कळलं ते लिहितोय. जुनी शाळा असो, चावडी असो नाहीतर गोडाऊन, पद्धत साधारण हीच.

सगळ्यात आधी, मातीपाण्याचे सॅम्पल घेत सुटू नका. लॅबवाला विचारतो काय तपासायचंय, आपण म्हणतो सगळं, तिथेच पैसे पाण्यात. सगळं असं काही तपासता येत नाही, पारा वेगळा, शिसं वेगळं, कीटकनाशक वेगळं, प्रत्येकाची टेस्ट वेगळी आणि बिलही वेगळं. म्हणून आधी हे शोधायचं की या इमारतीत काय काय आलं होतं आणि त्यातलं काय बाहेर गेलं. त्यासाठी डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, यासारखी चीज नाही. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. आमच्या रजिस्टरला पाऱ्याची बीपी मशीन सहा होती, निर्लेखनात (म्हणजे जुनं सामान नोंदीतून काढून टाकताना) गेली चार. मग दोन कुठायत? रिटायर झालेल्या शिपाई काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे एक फुटलं होतं की मागच्या खोलीत, कपाटाखाली लोटून दिलं." आणि जाता जाता म्हणाले की डासांच्या फवारणीच्या पावडरीची पोती मागच्या पडवीत असायची, पंप पण तिथेच भरायचे. एवढ्या दोन वाक्यांनी आमचं निम्मं काम झालं.

मग आत जायचं, पण एकट्याने नाही. तोंडाला रुमाल चालत नाही, निदान एन९५ मास्क, हातात जाड ग्लोव्हज, पायात बूट. आणि खराटा अजिबात नाही! आमच्या उत्साही पोरांनी मी पोचायच्या आधीच पुढची खोली झाडून ठेवली होती, वटवाघळांची विष्ठा, रंगाचे पोपडे, पत्र्याची धूळ सगळं हवेत. झाडायचंच असेल तर आधी पाणी फवारून ओलं करा, मग गोळा करा.

छताला करड्या रंगाचे नागमोडी सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचेच (फुप्फुसाला घातक बारीक तंतू असलेलं खनिज) धरून चाला, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली सिद्ध होईपर्यंत. पत्रा धड असेल तर फार घाबरायचं कारण नाही, धोका तो फुटला, घासला, ड्रिल मारला की. काढायचाच असेल तर ओला करून अख्खा उतरवा, गंजलेले हुक बोल्ट कापा पण पत्र्यावर हातोडा नको. आणि पागोळ्या जिथे पडतात ती मातीची पट्टी विसरू नका, वर्षानुवर्षं झिजलेले तंतू तिथेच साचतात.

दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असणार असंच समजा. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पेंटरला बजावून सांगा, कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, ब्लो लॅम्प तर नाहीच.

पाऱ्याचं प्रकरण मात्र नाजूक. थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम, बीपी मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम. दिसत नाही म्हणून गेला असं नसतं. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला अगदी टेकवून आडवी धरा. आम्ही धरली तर शहाबादी फरशीच्या सांध्यात मोहरीएवढे थेंब चमकत होते, ओळीने. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, वाफ आणखी पसरते. जाड कार्डाने थेंब एकत्र करा, सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत थोडं पाणी ठेवून त्यात सोडा. खिडक्या उघड्या, पोरं बाहेर.

पडवीतल्या पोत्यांना हात लावू नका, फोटो काढा आणि जिल्हा हिवताप कार्यालयाला कळवा. अशा पावडरी म्हणजे बहुधा डीडीटी नाहीतर बीएचसी, दोन्ही जुनी कीटकनाशकं. डीडीटी शेतीसाठी १९८९ ला बंद झालं, बीएचसी १९९७ ला, पण मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. पंप भरायचे ती जागा, पागोळीची पट्टी, जनरेटरखालची डिझेल प्यायलेली जमीन आणि मागचा कचरा जाळायचा खड्डा (यात हात घालायचा नाही, सुया असतात), एवढ्या ठिकाणचं वरचं पाच सेंटिमीटर आणि फूटभर खालचं, असे वेगवेगळे नमुने घ्या. एक नमुना लांबच्या, कधी काही न झालेल्या जागेचा, नाहीतर तुलना कशाशी करणार? कीटकनाशकाचा नमुना काचेच्या बरणीत, धातूंचा प्लॅस्टिक पिशवीत चालतो. जागा, किती खोलवरचा नमुना, तारीख तिथल्या तिथे लिहा, घरी येऊन आठवत नाही.

विहीर किंवा बोअर असेल तर पाणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त लॅबमध्येच द्या आणि देतानाच विचारा की तुमचं मशीन किती कमी मोजू शकतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पाऱ्याची ०.००१. लॅबला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल तर रिपोर्टवरच्या 'बीडीएल'ला (म्हणजे मशीनला दिसण्याइतकं नाही) काडीचा अर्थ नाही. आमचा पहिला रिपोर्ट तसाच होता, पैसे गेले.

सापडलेलं घंटागाडीत टाकायचं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी पत्र, फोटो आणि रिपोर्टसकट द्या, पोच घ्या. धोकादायक कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा परवानगी असलेल्या ठिकाणीच जातो. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ साली वेगळे नियमही आणलेत, त्यात संशयित जागेची प्राथमिक तपासणी मंडळाने ९० दिवसांत करायची आहे, पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

आमची अभ्यासिका सध्या पुढच्या दोन खोल्यांतच सुरू करतोय. कपाटाखालचं मशीन मिळालं, सहावं अजून नाही, त्यामुळे पावसाळ्याआधी मागच्या खोलीची फरशी उचलून खालची खडी बघणार आहोत.