दोन कार्डे परस्परविरुद्ध बोलू लागली, तर निर्णय कसा करावा?

'मॅजिक: द गॅदरिंग' हा संग्रहणीय कार्डांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. तेव्हापासून त्यात हजारो कार्डांची भर पडली असून त्यांतील बहुतेक कार्डे खेळाच्या मूळ नियमांत कुठे ना कुठे हात घालतात. चतुर्थीच्या सुट्टीत फोंड्याच्या एखाद्या घरात आतेभाऊ-मामेभाऊ आपापले डेक घेऊन बसले, की लवकरच एक कार्ड 'हे होईल' म्हणते, दुसरे 'हे होणार नाही' म्हणते, आणि शेवटी थोरल्या दादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून त्याचा निकाल मान्य केला जातो. (गोव्यात पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांना मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी आठवतात, या टेबलावरचे वाद मात्र पैशांचे कमी आणि व्याकरणाचे जास्त असतात.) खरे तर असा पेच वयावर किंवा आवाजावर सोडण्याचे कारण नाही. कोणते कार्ड अधिक बलवान किंवा अधिक महाग, हा विचार बाजूला ठेवून समोरची दोन वाक्ये कोणत्या प्रकारची आहेत हे ठरवले, की उत्तर बहुधा नियमांतच लिहिलेले सापडते.

पहिली पायरी: मजकूर नेमका मिळवावा

आठवणीतला मजकूर प्रमाण मानू नये, आणि जुन्या कार्डावरचा छापील मजकूरही मानू नये. खेळाची परिभाषा वेळोवेळी बदलते, त्यामुळे प्रकाशक 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' प्रत्येक कार्डाचा चालू अधिकृत मजकूर वेगळा ठेवतो. त्याला 'ओरॅकल' मजकूर म्हणतात आणि तो 'गॅदरर' या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. अनेक कार्डांच्या खाली अधिकृत रूलिंगही, म्हणजे त्या कार्डाविषयीचा खुलासाही, दिलेले असते, आणि पुष्कळदा वाद तिथेच संपतो. यासोबत 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स' हा क्रमांकवार नियमांचा विनामूल्य दस्तऐवज फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण पावसाळ्यात सांगे-काणकोणकडच्या गावांत वीज गेली की मोबाईलच्या रेंजचाही भरवसा राहत नाही.

दुसरी पायरी: विरोध खरा आहे का, हे तपासावे

निम्मे वाद केवळ भासाचे असतात, असे माझे मत आहे. 'इनडिस्ट्रक्टिबल' म्हणजे अविनाशी क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचे कार्ड) नष्ट होत नाही, म्हणून त्याचा मालक तो अमर समजतो. परंतु ते संरक्षण 'डिस्ट्रॉय' या क्रियेपुरते आणि जीवघेण्या डॅमेजपुरतेच आहे. मालकाला तो सॅक्रिफाइस करावा, म्हणजे स्वतःहून बळी द्यावा, लागला किंवा त्याची टफनेस (मार सोसण्याची ताकद) शून्यावर आली, तर तो जातोच. त्याचप्रमाणे 'हेक्सप्रूफ' क्रीचरला प्रतिस्पर्ध्याचे स्पेल (मंत्रासारखे टाकायचे कार्ड) टार्गेट करू, म्हणजे नेम धरून निवडू, शकत नाही, पण जे स्पेल कोणालाही टार्गेट न करता टेबलावरचे सगळे क्रीचर नष्ट करते, त्याच्या मजकुरात 'टार्गेट' हा शब्दच नसल्यामुळे हेक्सप्रूफ तिथे कामाला येत नाही. अशा वेळी कोणतेही कार्ड दुसऱ्याला हरवत नसते. दोन्ही आपापल्या शब्दांइतकेच बोलत असतात.

भासाचा दुसरा उगम म्हणजे क्रम. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासून सर्व स्पेल 'स्टॅक'वर, म्हणजे लागू होण्याची वाट पाहणाऱ्यांच्या ढिगावर, जातात आणि शेवटी आलेले स्पेल आधी फळते, म्हणजे लागू होते. समजा, २/२ च्या (पॉवर म्हणजे माऱ्याची ताकद २, टफनेस २) 'ग्रिझली बेअर्स' या अस्वलाच्या क्रीचरवर कोणी तीन डॅमेज करणारा 'लाइटनिंग बोल्ट' टाकला आणि अस्वलाच्या मालकाने उत्तरादाखल +३/+३ देणारे 'जायंट ग्रोथ' खेळले. ग्रोथ आधी फळते, अस्वल ५/५ होते आणि वाचते. टर्नच्या शेवटी ग्रोथ उतरल्यावर अस्वल मरेल, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु त्या टर्नमध्ये झालेले डॅमेज आणि 'टर्न संपेपर्यंत'चे परिणाम एकाच क्षणी पुसले जातात, म्हणून ते तेव्हाही मरत नाही. उलट ग्रोथ आधी खेळले गेले आणि त्याला उत्तर म्हणून बोल्ट आला, तर अस्वल आधीच मरते आणि ग्रोथला टार्गेट उरत नाही. कार्डे तीच, परंतु निकाल उलटा.

तिसरी पायरी: कार्ड आणि नियम यांत कार्डाला मान द्यावा, पण तेवढ्यापुरताच

नियमपुस्तकाचा १०१ क्रमांकाचा विभाग 'सुवर्ण नियमां'चा आहे, आणि त्यातील पहिलाच नियम सांगतो की कार्डाचा मजकूर नियमाशी थेट विसंगत असेल तर कार्ड वरचढ ठरते. या वाक्याचा लोक फार सैल अर्थ लावतात. कार्ड नियमाला दूर करते ते जेवढा विरोध आहे तेवढ्या भागापुरते, बाकी नियम जागेवर राहतो. गोव्यातील वाचकाला ही रचना ओळखीची वाटावी: मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेसह आधीचे कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत किंवा रद्द करीपर्यंत, चालू ठेवले, आणि ज्या कलमाला कोणी हात लावला नाही ते तसेच लागू राहिले. एका टर्नमध्ये एकच लँड (स्पेलची किंमत भरायला ऊर्जा देणारे जमिनीचे कार्ड) खेळता येते हा मूळ नियम आहे. 'एक लँड जास्त खेळा' असे कार्ड आले, तर फक्त संख्या बदलते. ती लँड आपल्याच टर्नमध्ये, मेन फेजमध्ये (टर्नच्या मुख्य टप्प्यात) आणि स्टॅक रिकामा असतानाच खेळायची, हे बंधन उरतेच. या सुवर्ण नियमाला अपवाद एकच आहे. खेळाडू केव्हाही डाव सोडू शकतो. 'तुम्ही हरू शकत नाही' असे सांगणारे 'प्लॅटिनम एंजल' समोर असले, तरी तिच्या मालकाला हार पत्करता येते आणि प्रतिस्पर्ध्यालाही.

चौथी पायरी: 'करता येते' आणि 'करता येत नाही' यांत नकार जिंकतो

एक परिणाम परवानगी किंवा आज्ञा देत असेल आणि दुसरा मनाई करत असेल, तर मनाई चालते, मग कोणते कार्ड आधी आले याला महत्त्व नाही. 'पॅसिफिझम' लागलेला क्रीचर हल्ला करू शकत नाही. नंतर सर्व क्रीचरांनी हल्ला केलाच पाहिजे असा परिणाम आला, तरी तो बसूनच राहतो. मात्र 'फ्लाइंग मिळते' आणि 'सर्व क्षमता जातात' ही जोडी या नियमाखाली येत नाही. क्षमता देणे आणि काढून घेणे यांत मनाई कुठेच नाही. त्याचा हिशेब पुढच्या पायरीत होतो.

पाचवी पायरी: चालू परिणाम थरांनुसार लावावेत

जाणते खेळाडूही अडखळतात ते इथे, त्यामुळे इथे घाई करू नये. एकाच कार्डाचे रूप बदलणारे अनेक परिणाम चालू असतील, तर ते आल्या क्रमाने न लावता सात थरांत, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत लेयरमध्ये, लावले जातात. पहिल्या थरात नक्कल, दुसऱ्यात ताबा, तिसऱ्यात मजकुरातील बदल, चौथ्यात प्रकार, पाचव्यात रंग, सहाव्यात क्षमता आणि सातव्यात पॉवर-टफनेस येते. सातव्या थरातही उपक्रम आहेत, त्यांपैकी व्यवहारात लागणारे दोन: आधी पॉवर-टफनेस ठरावीक आकड्यावर आणणारे परिणाम आणि नंतर त्यात वाढ किंवा घट करणारे परिणाम, ज्यात काउंटरही (कार्डावर ठेवायच्या खुणेच्या सोंगट्या) आले.

उदाहरण करून पाहावे. अस्वलावर जायंट ग्रोथ लागले आणि ते ५/५ झाले. त्यानंतर प्रतिस्पर्ध्याने 'टर्न टू फ्रॉग' खेळले, ज्यामुळे क्रीचर सर्व क्षमता गमावून टर्न संपेपर्यंत १/१ चा निळा बेडूक होतो. टेबलावरचे बहुतेक जण 'शेवटचे कार्ड खरे' म्हणून १/१ असे उत्तर देतील. बरोबर उत्तर ४/४ आहे, कारण १/१ हा आकडा ठरवण्याचे काम वाढीच्या आधी होते आणि मग ग्रोथचे +३/+३ त्यावर चढते. अस्वलावर एक +१/+१ काउंटर असता, तर बेडूक ५/५ चा झाला असता.

एकाच थरात दोन परिणाम भिडले, तर मात्र आल्या वेळेचा क्रम लागतो. 'जंप' या स्पेलने फ्लाइंग मिळाले आणि मग टर्न टू फ्रॉग आले, तर फ्लाइंग जाते. बेडूक आधी झाला आणि नंतर जंप खेळले, तर बेडूक उडतो. याला अपवाद अवलंबित्वाचा आहे. 'ब्लड मून' सर्व नॉनबेसिक लँडना, म्हणजे साध्या मूलभूत लँड सोडून बाकीच्यांना, माउंटन या प्रकारच्या लँड करतो, आणि 'अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ' ही लँड सर्व लँडना शिवाय स्वॅम्प या प्रकारच्याही बनवते. दोन्ही चौथ्या थरात येतात. परंतु अर्बोर्ग स्वतः नॉनबेसिक असल्यामुळे ब्लड मून लागला की तिची क्षमताच नाहीशी होते, म्हणून ती आधी आलेली असो वा नंतर, ब्लड मून प्रथम लावला जातो आणि अर्बोर्गचे म्हणणे ऐकायला कोणी उरत नाही.

सहावी पायरी: 'त्याऐवजी' हा शब्द शोधावा

मजकुरात 'इन्स्टेड' असेल, तर तो परिणाम घटना घडण्याआधीच तिचे रूप बदलतो. असे दोन परिणाम एकाच घटनेवर लागू होत असतील, तर क्रम ठरवण्याचा हक्क ज्याच्यावर किंवा ज्याच्या कार्डावर घटना घडते त्या खेळाडूचा असतो. आपल्याकडे काउंटर दुप्पट करणारे 'डबलिंग सीझन' आणि एक काउंटर वाढवून देणारे 'हार्डन्ड स्केल्स' ही दोन्ही आहेत आणि एखादे स्पेल आपल्या क्रीचरवर एक +१/+१ काउंटर ठेवत आहे, असे समजा. आधी वाढ आणि मग दुप्पट केल्यास चार काउंटर मिळतात, उलट क्रमाने तीनच. निवड आपली असल्यामुळे चार घ्यावेत. प्रतिस्पर्ध्याने तक्रार करण्यासारखे यात काही नाही.

उरलेले दोन संकेत लहान आहेत. दोन्ही खेळाडूंच्या क्षमता एकाच वेळी जाग्या झाल्या, तर ज्याची टर्न आहे त्याच्या क्षमता आधी स्टॅकवर जातात, म्हणून दुसऱ्या खेळाडूच्या क्षमता आधी फळतात. आणि सूचनेचा जो भाग पाळणे अशक्य आहे तो सोडून द्यावा: दोन कार्डे टाकायची आहेत आणि हातात एकच आहे, तर एक टाकावे.

इतर खेळांत हेच थर नेऊ नयेत. कार्डाचा मजकूर नियमापेक्षा वरचढ, हे तत्त्व पोकेमॉन आणि यु-गी-ओह या खेळांतही आहे, परंतु पुढची यंत्रणा प्रत्येकाची वेगळी आहे. यु-गी-ओहमध्ये २०११ पासून विरामचिन्हांनाच अर्थ दिलेला आहे: विसर्गासारख्या दोन टिंबांच्या आधी परिणाम केव्हा सुरू करता येतो ते लिहिलेले असते, अर्धविरामाच्या आधी सुरू करतानाच द्यायची किंमत किंवा निवडायचे टार्गेट असते, आणि अर्धविरामानंतर प्रत्यक्ष परिणाम येतो. तिथे वाद झाला, तर आधी चिन्हे पाहावीत.

शेवटची पायरी: निर्णय कोणी द्यावा, हे ठरलेले असावे

घरच्या डावात नियम शोधायला थोडा वेळ द्यावा. तेवढ्यात उत्तर मिळाले नाही, तर दोघांनी तात्पुरता तोडगा मान्य करून पुढे खेळावे. खरे उत्तर नंतर सापडले, तर ते पुढच्या डावापासून लावावे, कारण चार टर्न मागे जाऊन टेबल पुन्हा मांडण्याने नवेच वाद उभे राहतात. स्पर्धेत हा मार्ग नाही. तिथे कार्डांना हात न लावता थांबावे, हात वर करून जजला बोलवावे आणि टेबलावर काय घडले ते क्रमाने सांगावे. आपला निष्कर्ष मध्ये घालू नये. जजचा निर्णय पटला नाही, तर मुख्य जजकडे दाद मागता येते. त्याचा निर्णय त्या स्पर्धेत अंतिम असतो आणि डाव त्यानुसारच पुढे न्यावा लागतो. नियमाचा क्रमांक दाखवून जी चर्चा करायची ती सामना संपल्यावर करावी.