ज्येष्ठांच्या नमाजासाठी फोन आणि खोली कशी लावून द्यावी

नमाजाच्या वेळा सांगणारं ॲप घेतलं की पहिला घोळ असरचा, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाचा, होतो. शाफई मजहबात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू होते, हनफीत दुप्पट झाली की. ठाण्यात हा फरक थंडीत पाऊण तासाचा, तर जूनमध्ये सव्वा तासाचा पडतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई असतात, त्यामुळे मुंब्रा-कौशात एकाच मजल्यावरच्या दोन घरांची सेटिंग वेगळी असू शकते. आधी मजहब निवडा. मग गणनापद्धतीत कराची निवडा, त्यात फजर (पहाटेची नमाज) आणि इशा (रात्रीची) दोन्हींसाठी सूर्य क्षितिजाखाली 18 अंश धरतात. अमेरिकेतली 15 अंशांची पद्धत राहून गेली, तर फजरची वेळ इथे दहा-पंधरा मिनिटं उशिरा दिसते आणि रमजानात सहेरीचा (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचा) घोटाळा होतो. ॲप दाखवतं ती वेळ सुरू झाल्याची खूण. जमातची (एकत्र नमाजाची) वेळ मशीद ठरवते, तिचा अलार्म वेगळा लावा.

अलार्म वाजलाच नाही, तर दोष बहुधा बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा असतो. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, अलार्मची परवानगी द्या, ऑटोस्टार्ट असेल तर तेही सुरू करा. कमी ऐकू येत असेल, तर थरथरणारं मनगटी घड्याळ फोनला जोडा. फजरसाठी उशीखाली ठेवायचा व्हायब्रेटर जास्त भरवशाचा.

किबला, म्हणजे नमाजात तोंड करायची काबाची दिशा, मात्र रोज फोनवर शोधायला लावू नका. ठाणे-नवी मुंबईतून तो उत्तरेपासून सुमारे 280 अंशांवर, म्हणजे पश्चिमेपासून 10 अंश उत्तरेकडे आहे. पण लोखंडी कपाट, खिडकीची ग्रिल, स्लॅबमधल्या सळ्या, कव्हरचं चुंबक, यांपैकी काहीही होकायंत्र भरकटवतं. फोन हवेत आठच्या आकड्यात फिरवूनही काटा स्थिर होत नसेल, तर सूर्याला विचारा. 28 मे रोजी दुपारी 2:48 ला (लीप वर्षात 27 मे) सूर्य मक्केतल्या काबाच्या डोक्यावर असतो. त्या वेळी गच्चीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ओळंबा टांगा. दोरीच्या सावलीच्या टोकाकडून ओळंब्याकडे जाणारी दिशा म्हणजे किबला. पाच मिनिटं मागेपुढे झाली तरी चालतं. जुलैतही 16 तारखेच्या सुमारास 2:57 ला हाच योग येतो, पण आपल्याकडे तेव्हा ऊन दिसेलच असं नाही.

ती रेघ जमिनीवर चिकटपट्टीने पक्की करा. दिसत नसलेल्यांसाठी पट्टी उंचवट्याची घ्या, पायाच्या बोटांना लागते. वर जानमाज (नमाजाची चटई) घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी अंथरा. टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यांनी नमाजाआधी दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबून तो बंद करावा, नाहीतर रकातीच्या (नमाजाच्या एका आवर्तनाच्या) मधेच फोन मेसेज वाचायला लागतो.

रकाती विसरणाऱ्यांसाठी सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) मोजणारं छोटं यंत्र मिळतं. ते कपाळ टेकतं तिथे ठेवायचं, दोन सजदे झाले की एक रकात मोजली जाते. हात लागला तरी ते मोजतं, म्हणून तळव्यांपासून दूर ठेवा. खुर्चीवर पढणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण त्यांचं कपाळ टेकतच नाही.

खुर्ची चाकांची नको, पाय पूर्ण टेकतील एवढ्याच उंचीची हवी. सजद्यात रुकूपेक्षा (कमरेतून वाकण्यापेक्षा) जास्त वाकायचं असतं, तेव्हा पुढे जागा सोडा. वझूसाठी (नमाजाआधी हात-पाय धुण्यासाठी) नळाखाली पाट, बसायला स्टूल आणि भिंतीला पकडायची दांडी लावा. पाय धुताना तोल जातो तो ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहिल्यामुळे.