एलईडी वॉलवर लाइव्ह व्हिज्युअल्स चालवायला लॅपटॉप कसा निवडावा

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "व्हिज्युअल्स चालवायचेत, कोणता लॅपटॉप घेऊ?" विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं. पण फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या कॉलेजच्या टीमला लागणारा लॅपटॉप वेगळा, लग्नाच्या संगीतात एलईडी वॉल चालवणाऱ्याला लागणारा वेगळा, आणि मिरवणुकीत जनरेटरच्या शेजारी बसणाऱ्याचा तर आणखीनच वेगळा. त्यामुळे सुरुवात दुकानातून नको, चित्र जिथे उमटणार आहे तिथून करा.

आधी पिक्सेल मोजा

भाड्याने मिळणाऱ्या एलईडी वॉलमध्ये ३.९१ मिलिमीटर पिचच्या (पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर), ५०० बाय ५०० मिलिमीटरच्या कॅबिनेट, म्हणजे जोडायचे चौकोनी तुकडे, बऱ्याचदा असतात. अशा एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल बसतात. आडव्या आठ आणि उभ्या पाच कॅबिनेट लावल्या की चार मीटर बाय अडीच मीटरची वॉल उभी राहते. मंडपात ती भव्य दिसते, पण तिचे पिक्सेल भरतात १०२४ बाय ६४०. फुल एचडीचा (१९२० बाय १०८०) तिसरा हिस्सासुद्धा नाही! हा हिशेब केला नाही की माणूस "फोर-के चाललं पाहिजे" म्हणून दुप्पट पैसे मोजतो आणि ते पिक्सेल वॉलवर कधी पोहोचतच नाहीत.

उलटही होतं. दहा मीटर रुंद वॉल असेल तर आडवे २५६० पिक्सेल होतात. मग एका फुल एचडी आउटपुटवर भागत नाही. दोन आउटपुट लागतात किंवा फोर-के सिग्नल घेणारा वॉलचा प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचं चित्र वॉलवर पोहोचवणारा खोका. म्हणून वॉलवाल्याला तीन गोष्टी विचारा: पिच किती, कॅबिनेट आडव्या-उभ्या किती, आणि प्रोसेसर कोणता सिग्नल घेतो. प्रोजेक्टर असेल तर त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे त्यात प्रत्यक्ष किती पिक्सेल आहेत, ते विचारा. जाहिरातीत लिहिलेलं "सपोर्टेड" रिझोल्यूशन नव्हे.

मग सॉफ्टवेअर

तयार क्लिप ठेक्यावर वाजवायच्या असतील तर रेझोल्यूम. ते विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. प्रोजेक्शन मॅपिंग (वस्तूच्या किंवा भिंतीच्या आकारावर चित्र नेमकं बसवणं) करायचं असेल तर त्याची अरीना आवृत्ती लागते, अव्हेन्यू ही साधी आवृत्ती पुरत नाही. आवाजावर किंवा सेन्सरवर नाचणारी चित्रं जागच्या जागी घडवायची असतील तर टचडिझायनर. त्याची मोफत आवृत्ती १२८० बाय १२८० पर्यंतच चित्र देते आणि ती बिगर-व्यावसायिक वापरासाठीच आहे. विद्यार्थ्यांचं काम त्यात निभतं. सुपारी घेतली असेल तर परवाना विकत घ्या. नॉच हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर विंडोजच घ्यावं लागतं, आणि व्हीडीएमएक्स हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर आहे. विंडोज की मॅक हा वाद इथेच मिटतो.

ग्राफिक्स कार्ड: नाव नव्हे, वॅट बघा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवलेलं असू शकतं. डब्यावरचं नाव एकच, कामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये ते बहुतेक कमी वॅटवर असतं. हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर तपशीलवार माहितीच्या तळाशी 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' म्हणून दिलेला असतो. विक्रेत्याला तो ठाऊक नसेल तर स्वतः शोधा. पूर्ण वॅटचं ४०६० मला कमी वॅटच्या ४०७० पेक्षा केव्हाही चालेल, कारण दोन्हींची व्हिडिओ मेमरी सारखीच, ८ जीबी. वॉलवर टेक्श्चर, इफेक्ट आणि लेयर (एकावर एक रचलेल्या क्लिप) चढत जातात तेव्हा आधी मेमरी भरते. ४०५० मध्ये ती ६ जीबी असते. फुल एचडीच्या दोन-तीन लेयरना ती पुरते. टचडिझायनरमध्ये पार्टिकलचे (हजारो हलत्या ठिपक्यांचे) मोठे इफेक्ट करायचे असतील तर हात आखडता घेऊ नका.

मॅकमध्ये वेगळी व्हिडिओ मेमरी नसते, एकच मेमरी सगळे वाटून घेतात. म्हणून तिथे १६ जीबी ही किमान पातळी समजा. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे सलग भारावर तो तापतो आणि वेग आपोआप उतरतो. तालमीला ठीक, तीन तासांच्या कार्यक्रमाला प्रो घ्या.

पोर्ट कुठे जोडलेला आहे?

पोर्ट किती यापेक्षा तो आत कुठल्या चिपला जोडलाय हे महत्त्वाचं. अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं आणि टाइप-सी मात्र लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सला. दोन वॉल दोन वेगळ्या चिपवर गेल्या की प्रत्येक फ्रेम इकडून तिकडे ओढावी लागते आणि चित्र अडखळतं. तपासायला सोपं आहे: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स' हे पान उघडा, तिथे कोणता डिस्प्ले कोणत्या चिपवर आहे ते चित्रातच दिसतं. मक्स स्विच (पडदा थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडू देणारी सोय) असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे बाहेरचा एकच डिस्प्ले जोडता येतो, हेही आधीच ध्यानात घ्या. आणि डिस्प्लेलिंकवर चालणारे यूएसबी डॉक ऑफिसच्या एक्सेलसाठी छान असतात, कार्यक्रमात नकोत. ते चित्र लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतात आणि उशीर होतो.

साठवण आणि कोडेक

एमपी-फोर क्लिप थेट वाजवू नका. एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे क्लिप उलटी फिरवली किंवा मधेच उडी मारली की संगणकाची दमछाक होते. रेझोल्यूमचा डीएक्सव्ही किंवा सगळीकडे चालणारा हॅप हा कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) वापरा. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ती ग्राफिक्स कार्डच उलगडतं. किंमत मोजावी लागते ती फाइलच्या आकारात. फुल एचडी, ३० फ्रेमची हॅप क्यू (हॅपचा जास्त दर्जाचा प्रकार) क्लिप सेकंदाला सुमारे ६० एमबीपर्यंत जाते. तीन लेयर म्हणजे १८०, आणि इथेच जुनी फिरती हार्ड डिस्क मान टाकते. शिवाय ढोल-ताशा पथकाच्या किंवा सबवूफरच्या हादऱ्यांपुढे फिरती डिस्क तशीही टिकत नाही. एनव्हीएमई एसएसडी हवी, एक टीबी तरी. रॅम बदलता येते का आणि दुसरा एसएसडी स्लॉट आहे का, हेही विचारा. दोन्ही असतील तर आज १६ जीबी घेऊन पुढे वाढवता येते.

दुकानात अर्धा तास मागा

स्वतःचं प्रोजेक्ट आणि क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन जा. रेझोल्यूमची चाचणी आवृत्ती मोफत मिळते, फक्त चित्रावर त्यांचा शिक्का उमटतो. चार लेयर, नेहमीचे इफेक्ट, बाहेरचा एक मॉनिटर, आणि अर्धा तास सलग. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच लॅपटॉप वाघ असतात. वीस मिनिटांनी फ्रेम रेट ६० वर टिकतोय की ४०-४५ वर घसरतोय ते बघा. एसीच्या दुकानात जे कसंबसं टिकतं ते एप्रिल-मे मधल्या लॉनवरच्या लग्नात टिकणार नाही.

त्याच वेळी पंख्याचा आवाज ऐका. मिरवणुकीत त्याची कोणाला पर्वा नाही. पण पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या नाट्यगृहात प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो आणि संवादांमधल्या शांततेत तो पंखा सगळ्यांना ऐकू जातो. प्रायोगिक नाटकाचं काम जास्त असेल तर मी मॅकबुक प्रोकडे झुकेन.

मग चार्जर काढून बघा. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर गेला की ग्राफिक्स कार्डाची ताकद झपाट्याने कमी होते. जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही, पण चित्र अडखळतं. मॅकमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. विंडोजवाल्याने ६०० व्हीएचा छोटा यूपीएस सोबत ठेवावा. लॅपटॉपपुरता तो पुरतो. चार्जर तीन पिनांचाच वापरा, आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डावर धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला हाक मारा.

जुना घेणार असाल तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. पंख्यात गुलाल दिसला तर तो मिरवणुकीत राबलेला आहे. भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. नवा घेताना पक्कं बिल घ्या आणि पुण्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी फोन करून विचारा.

पैसे देऊन झाल्यावर

केबल आणि कन्व्हर्टरसाठी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली आहेच. पंधरा मीटरपुढे साध्या तांब्याच्या एचडीएमआयवर भिस्त ठेवू नका. फायबरची केबल घ्या किंवा एसडीआय (लांब अंतरावर व्हिडिओ नेणारा सिग्नल) कन्व्हर्टर लावा. विंडोजमध्ये ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या सॉफ्टवेअरसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा, स्लीप बंद करा, अपडेट थांबवा. लॅपटॉपचा पडदा १६५ हर्ट्झचा असेल तर तोही बाहेरच्या वॉलप्रमाणे ६० वर आणा. नोटिफिकेशन बंद करायला विसरू नका, नाहीतर आरतीच्या वेळी वीस फुटी वॉलवर तुमच्या मावशीचा व्हॉट्सॲप मेसेज झळकेल.